ठेका नसलेली तालवाद्यांची मैफल : श्रोत्याने काय धरून ऐकावे?

मध्यलय (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी राहतो त्या जर्मन शहरात पुढील महिन्यात केवळ तालवाद्यांची एक मैफल होणार आहे. कार्यक्रमपत्रिकेत चार रचना आहेत : एडगार वारेझ यांची 'आयोनिझासियों', जॉन केज यांची 'फर्स्ट कन्स्ट्रक्शन इन मेटल', कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन यांची 'त्सिक्लुस' आणि यानिस झेनाकिस यांची 'पर्सेफासा'. कार्यालयातील एका सहकाऱ्याने आग्रह करून मला तिकीट घ्यायला लावले आहे.

माझे कान तबल्यावर घडलेले आहेत. एकल तबलावादनात लेहरा, म्हणजे तालाचे आवर्तन दाखवत पुन्हा पुन्हा वाजणारी धून, अखंड चालू असतो, त्यामुळे वादक कितीही आडवळणाने गेला तरी सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कोठे आहे हे मला ठाऊक असते. किंबहुना तो समेपासून किती लांब गेला आहे आणि परत कसा येणार आहे, या उत्सुकतेतच माझा निम्मा आनंद असतो. या चारही रचनांची ध्वनिमुद्रणे मी ऐकून पाहिली. सुटे सुटे नाद वेधक वाटतात, परंतु मागे काय होऊन गेले ते लक्षात राहत नाही आणि पुढे काय येईल याची अपेक्षाही तयार होत नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. आवर्तन आणि ठेका यांचा आधार नसताना श्रोत्याने नेमके काय धरून ऐकावे? आणि असे संगीत ध्वनिमुद्रणावरून जोखणे मुळात योग्य आहे का? या संगीताची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. ज्यांनी ते प्रत्यक्ष ऐकले किंवा वाजवले आहे, त्यांच्याकडून मला समजून घ्यायचे आहे.

उलथने

आमच्या घरी भांडी घासली जातात तेव्हा अशी मैफल रोजच होते आणि तिला तिकीटही नसते.

मध्यलय

हा प्रतिसाद येणार याची मला खात्री होती. तो पहिलाच येईल, एवढे मात्र वाटले नव्हते.

सप्तसिंधू

उलथने यांना उशीर झाला आहे. घरातील सामानसुमान आणि पुस्तके वाजवण्याची 'लिव्हिंग रूम म्युझिक' नावाची रचना केज यांनी 1940 मध्येच लिहून ठेवली आहे, त्यामुळे स्वामित्वहक्काचा दावा करण्यापूर्वी त्यांनी विचार करावा.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. 'आयोनिझासियों'पासून सुरुवात करावी, कारण ती जेमतेम सहा मिनिटांची आहे आणि तिच्यात धरण्यासारखे बरेच काही आहे. वारेझ यांनी ती 1929 ते 1931 या काळात लिहिली आणि 6 मार्च 1933 रोजी न्यूयॉर्कमध्ये निकोलस स्लोनिम्स्की यांच्या संचालनाखाली ती प्रथम सादर झाली. तेरा वादक आणि त्यांच्यापुढे चाळीसच्या आसपास वाद्ये, असा तिचा पसारा आहे. पहिल्या सादरीकरणाची एक हकीकत स्लोनिम्स्की सांगत असत : व्यावसायिक तालवादकांना त्या लयी जमेनात, तेव्हा संगीतकार मित्रांनाच वाद्यांपुढे उभे करावे लागले. पियानोवर हेन्री कॉवेल होते आणि लाकडी ठोकळे वाजवायला कार्लोस साल्झेडो हे हार्पवादक होते.

ऐकताना सायरनवर लक्ष ठेवावे. एक उंच आवाजाचा आणि एक खालच्या आवाजाचा, असे दोन सायरन आहेत. कित्येकांना तो शहरी गोंगाटाचा देखावा वाटतो, परंतु वारेझ यांना पायऱ्या नसलेला, सलग चढणारा आणि उतरणारा नाद हवा होता, आणि तो त्या काळच्या वाद्यवृंदात सहज मिळत नव्हता. दुसरी गोष्ट म्हणजे शेवट. जवळजवळ संपूर्ण रचनेत निश्चित स्वराचे वाद्य येतच नाही. अगदी अखेरीस पियानोचे जाड स्वरगुच्छ, नळीच्या घंटा आणि ग्लोकेनश्पील हे धातूच्या पट्ट्यांचे वाद्य एकदम येतात. सभागृहात बसलेल्या श्रोत्याला तो क्षण चुकवणे शक्यच होत नाही. तुम्हाला समेची सवय असेल, तर वाट पाहण्याजोगे हे एक ठिकाण आहे असे समजा, मात्र ते एकदाच येते.

परखड

माझे मत वेगळे आहे आणि ते सौम्य करण्याची मला गरज वाटत नाही. आपल्याकडील एखाद्या तबलावादकाने लेहऱ्याशिवाय, कोणताही ताल न सांगता पंचवीस मिनिटे मनाला येईल तसे आघात केले, तर पहिल्या रांगेतील जाणकार चहाच्या निमित्ताने उठतील. तेच परदेशी माणसाने कागदावर लिहून दिले, की आपण त्याला रचना म्हणतो आणि ती समजत नाही याचा दोष स्वतःकडे घेतो. मध्यलय यांनी आपल्या कानांवर अविश्वास दाखवू नये.

शेषमात्रा

परखड यांचा आक्षेप सगळ्यांना सारखा लागू होत नाही. केज यांची लयरचना अतिशय काटेकोर आहे, आणि ती त्यांनी भारतीय तालपद्धतीवरून घेतली. गीता साराभाई यांच्याकडे ते आपले संगीत शिकत होते, हे तर प्रसिद्धच आहे. म्हणजे फिरून आपण आपल्याच घरी येतो.

टाचणवही

शेषमात्रा, यातील कालक्रम तपासावा लागेल. अहमदाबादच्या गीता साराभाई, ज्या स्वतः पखवाज वाजवत, त्या केज यांना न्यूयॉर्कमध्ये भेटल्या 1946 च्या सुमारास. केज त्यांना समकालीन पाश्चात्य संगीत शिकवत आणि त्या केज यांना भारतीय संगीताची ओळख करून देत, हा भाग खरा आहे. त्या सहवासाचा परिणाम केज यांच्या पुढच्या विचारांवर झाला, हेही खरे आहे. परंतु 'फर्स्ट कन्स्ट्रक्शन' 1939 मधील आहे. सिॲटलच्या कॉर्निश विद्यालयात नृत्यवर्गांसाठी संगीत देत असताना केज यांनी तालवाद्यांचा वृंद जमवला होता, आणि मोटारींचे जुने ब्रेक ड्रम, ऐरणी, गडगडाटासाठी टांगलेले पत्रे अशी सामग्री त्यात होती. त्यामुळे या रचनेचे श्रेय गीता साराभाई यांच्या शिकवणीला देता येणार नाही.

तिचा हिशेब मात्र सांगण्यासारखा आहे. रचनेत सोळा मापांचे (माप म्हणजे ठरावीक मात्रांचा एक घटक) सोळा भाग आहेत आणि अखेरीस एक छोटी पुरवणी आहे. प्रत्येक भागातील सोळा मापे 4, 3, 2, 3, 4 अशी विभागलेली आहेत, आणि ते सोळा भागही 4, 3, 2, 3, 4 असेच गटांत बांधलेले आहेत. सूक्ष्म आणि स्थूल या दोन्ही पातळ्यांवर एकच प्रमाण आहे. तालवाद्यांच्या संगीतात स्वरांवरून इमारत उभारता येत नाही, तेव्हा कालावधी हाच पाया धरावा, असा केज यांचा विचार होता. नाद आणि शांतता या दोहोंना समान असलेला गुण म्हणजे कालावधी.

परखड

हिशेब उत्तम आहे, परंतु तो ऐकू येतो का? सभागृहात बसलेल्या किती जणांना कळते की आता चार मापांचा गट संपून तीनचा सुरू झाला? जो आराखडा ऐकताना उमगत नाही, तो कोणासाठी असतो? तबल्यातील कायद्याचा, म्हणजे ठरावीक बोलांच्या रचनेचा, विस्तार मला मोजता आला नाही तरी भरी आणि खाली, म्हणजे तालाचे भारदस्त आणि हलके भाग, माझ्या कानांना कळतात. श्टॉकहाउझेन यांच्या रचनेबद्दल तर मी असे वाचले आहे की वादकाने कोणत्याही पानावरून सुरुवात करावी. कोठूनही सुरू केले तरी चालते, असे ज्याबद्दल म्हणता येते त्याला रचना म्हणावे का?

काठीकातडे

मी हे संगीत शिकतो आणि वाजवतो, म्हणून सविस्तर लिहितो. परखड यांचा प्रश्न मला रास्त वाटतो, आणि आमच्या वर्गातही तो वारंवार निघतो.

'त्सिक्लुस' 1959 मध्ये जर्मनीतील डार्मश्टाट येथे नव्या संगीतासाठी भरणाऱ्या उन्हाळी वर्गातील वादनस्पर्धेसाठी लिहिली गेली आणि ख्रिस्टोफ कास्केल यांनी ती प्रथम वाजवली. तोपर्यंत तालवादक हा वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेतील मनुष्य होता. रंगमंचावर एकट्याने उभे राहावे अशी रचना त्याच्याकडे फारशी नव्हती. सोळा पाने तारेच्या गुंडाळीने बांधलेली आहेत. वादक कोणत्याही पानावरून सुरुवात करू शकतो आणि वही उलटी धरूनही वाचू शकतो, मात्र एकदा दिशा निवडली की सर्व पाने क्रमाने वाजवून त्याला आपल्या पहिल्याच आघाताशी येऊन थांबावे लागते. म्हणजे 'कोठूनही सुरू केले तरी चालते' हे विधान अर्धेच आहे. काही पानांवर सर्व काही काटेकोर लिहिलेले आहे, तर काहींवर चौकटींतील पर्यायांतून वादकाने निवड करायची आहे, आणि या दोन टोकांमधला प्रवास म्हणजेच ही रचना.

हा प्रवास केवळ कानांनी ओळखता येईल का? मला स्वतःला शंका आहे. पण डोळ्यांना तो दिसतो. मरिंबा (लाकडी पट्ट्यांचे वाद्य), व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचे वाद्य), टॉमटॉम आणि स्नेअर हे ढोल, गायघंटा, झांजा, टॅमटॅम (मोठी घंटाथाळी) अशी वाद्ये वर्तुळात मांडलेली असतात आणि वादक मधोमध उभा राहून हळूहळू स्वतःभोवती फिरत जातो. तो कोठे पोचला आहे आणि कोणत्या वाद्यसमूहाकडे वळतो आहे, हे मध्यलय यांना आसनावरून स्पष्ट दिसेल. ध्वनिमुद्रणात त्यातले काहीच उरत नाही, म्हणून त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर नकारार्थी आहे.

झेनाकिस यांच्या बाबतीत परखड यांचा आक्षेप मला मान्य नाही, कारण तेथे जे घडते ते थेट ऐकू येते. त्यांची 1975 मधील 'प्साफा' ही एकल रचना घ्या. ती चौकटीच्या कागदावर ठिपके मांडल्यासारखी लिहिली आहे, आणि वाद्ये कोणती घ्यावीत हेही वादकावर सोडले आहे. कातडे आणि लाकूड यांचे तीन गट हवेत, धातूचे तीन गट हवेत, आणि गटातील उंच-खाल स्पष्ट हवे, एवढेच बंधन. येथे शोध सुरू होतो. मला हवा तसा कोरडा, न घुमणारा धातूचा आवाज कोणत्याही वाद्यांच्या दुकानात मिळाला नाही. अखेर तो भंगारातून आणलेल्या लोखंडी पट्टीत सापडला. रचना शिकण्याइतकाच वेळ ती मांडण्यात जातो, आणि उंचीत थोडा फरक पडला तरी हात चुकीच्या जागी पडतो. 'प्साफा' जवळजवळ पूर्णपणे स्थिर स्पंदनाची रचना आहे. ठेका नसला तरी स्पंदन असते, हे तबल्याच्या माणसाला तिसऱ्या मिनिटाला जाणवेल.

वासंती_दे

अनेक वर्षांपूर्वी अमेरिकेत मी स्टीव्ह राइक यांची 'ड्रमिंग' प्रत्यक्ष ऐकली आहे, आणि मध्यलय यांच्यासारख्या श्रोत्याने खरे तर तिच्यापासून सुरुवात करावी, असे मला वाटते. राइक 1970 मध्ये घानाला जाऊन ढोलवादन शिकले आणि परतल्यावर ही तासाभराची रचना त्यांनी लिहिली. स्वरात लावलेले बोंगो, नंतर मरिंबा, नंतर ग्लोकेनश्पील आणि शेवटी सर्व एकत्र, असे तिचे चार भाग आहेत, परंतु सगळीकडे लयीचा साचा एकच असतो. दोन वादक तो साचा एकत्र वाजवत असतात. त्यांतील एक जण किंचित वेग वाढवतो आणि दुसऱ्यापेक्षा एका मात्रेने पुढे जाऊन थांबतो. मधल्या काळात जे होते त्याचे वर्णन करणे अवघड आहे. कोणीच वाजवत नसलेल्या आकृती ऐकू येऊ लागतात, आणि शेजारच्या माणसाला वेगळ्याच आकृती ऐकू येत असतात. मध्यंतरात आम्ही दोघांनी त्यावरून बराच वाद घातला होता.

त्यांच्या 1972 मधील 'क्लॅपिंग म्युझिक'ला तर वाद्यही लागत नाही. बारा मात्रांत 3, 2, 1, 2 अशा आठ टाळ्या आणि प्रत्येक गटानंतर एक रिकामी मात्रा. एक जण हेच वाजवत राहतो, दुसरा दर काही आवर्तनांनंतर एक मात्रा सरकतो आणि बारा वेळा सरकून पुन्हा पहिल्याशी जुळतो. ते जुळणे ऐकताना आपल्या लोकांच्या माना हलतात, हे मी पाहिले आहे.

परखड

हे मात्र मला पटते. येथे परत येणे आहे.

मांडवीकाठ

गोव्याचा असल्यामुळे खाप्रुमामा पर्वतकर यांचे नाव घेतल्याशिवाय मला राहवत नाही. दोन हात आणि दोन पाय यांनी निरनिराळे ताल धरायचे, तोंडाने आणखी वेगळ्या तालाचे बोल म्हणायचे आणि सर्वांना एकाच समेवर आणायचे, अशी त्यांची ख्याती जुने जाणकार सांगत आले आहेत; 'लयभास्कर' म्हणतात ते उगीच नाही. एकाच वेळी अनेक लयी चालवणे आपल्याला नवे नाही, हे एवढ्यासाठी सांगितले की परकेपणाचे कारण दुसरीकडे शोधावे. खाप्रुमामा श्रोत्याला एक वचन देत की शेवटी सगळे एकत्र येईल. 'पर्सेफासा'त सहा वादक वेगवेगळ्या वेगांनी निघतात तेव्हा असे वचन कोणी दिलेले नसते. ते न मिळताही ऐकत राहता येते का, हा माझ्या मते मध्यलय यांच्या प्रश्नाचा गाभा आहे. मला स्वतःला अर्धा वेळ येते, अर्धा वेळ येत नाही.

सप्तसिंधू

मांडवीकाठ यांचा मुद्दा नेमका आहे. त्यात एवढीच भर घालतो की वचन नसले म्हणून दिशा नसते असे होत नाही.

डोंगरवाट

आपल्या माणसांपैकी त्रिलोक गुर्टू यांचे नाव अजून कसे आले नाही? मुंबईत वाढलेला, शोभा गुर्टू यांचा मुलगा, जमिनीलगत बसून तबला आणि ड्रम एकत्र वाजवतो, आणि वाजती झांज पाण्याच्या बादलीत बुडवतो. प्रथम पाहिले तेव्हा मला ती करामत वाटली होती.

टाचणवही

पाण्यात बुडवलेली घंटाथाळी केज यांच्याही वृंदात होती. 'फर्स्ट कन्स्ट्रक्शन'मध्ये ती ऐकायला मिळेल. धातूची थाळी कंप पावत असताना पाण्यात उतरवली की तिला आपल्याबरोबर पाणीही हलवावे लागते, तिचे कंपन मंदावते आणि स्वर खाली घसरत जातो. धातूच्या वाद्यावर मींड काढण्याचा हा बहुधा सर्वांत सोपा मार्ग असावा. मध्यलय यांनी त्या क्षणी थाळीकडे पाहावे, कारण कोणाचा हात खाली जातो आहे हे दिसले तर तो घसरणारा स्वर सहज ओळखता येतो.

निशाचर

मोठ्या आवाजांचीच चर्चा चालली आहे, म्हणून उलट टोकाच्या दोन रचना सांगतो. मॉर्टन फेल्डमन यांची 1964 मधील 'द किंग ऑफ डेन्मार्क' ही काठ्या न वापरता केवळ बोटांनी आणि हातांनी, अगदी हलक्या आवाजात वाजवायची असते. तिच्यापुढे सभागृहातील खोकला हे सर्वांत मोठे तालवाद्य ठरते. जेम्स टेनी यांची 1971 मधील एक रचना तर पोस्टकार्डावर मावते : एकच सलग घुमारा, जवळजवळ न ऐकू येण्यापासून कान भरून जाईपर्यंत वाढवायचा आणि पुन्हा तसाच उतरवायचा. बहुधा ती टॅमटॅमवर वाजवली जाते. आवाजाच्या जोराखेरीज वादक काहीच बदलत नसतो, तरी आवाज वाढत जातो तसे त्या एका थाळीतून नवनवे स्वर फुटत राहतात. ती ज्या जॉन बर्गामो यांच्यासाठी लिहिली, त्यांनी आपली तालवाद्येही अभ्यासली होती. ध्वनिमुद्रणात मात्र तिचा आरंभ ऐकू यावा म्हणून आवाज वाढवला की मध्य असह्य होतो, आणि मध्यासाठी कमी केला की आरंभ हरवतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला या एका रचनेत मिळाले.

उलथने

पोस्टकार्डावर मावणारी रचना मला आवडली. आमच्या शाळेतील सूचनाही तशाच असत आणि त्यांचा नादही दीर्घकाळ घुमत असे.

मध्यलय

सर्वांचे मनापासून आभार. वाचनखूण साठवली आहे. काल रात्री 'क्लॅपिंग म्युझिक' पत्नीबरोबर वाजवून पाहिली. चौथ्या सरकण्यापर्यंत आम्ही टिकलो आणि त्यानंतर वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांनी आपला आघात दिला. 'आयोनिझासियों' पुन्हा ऐकली. शेवटी पियानो आणि घंटा येतात तो क्षण ठाऊक असल्यामुळे आधीची पाच मिनिटे वेगळी ऐकू आली, हे मान्य केले पाहिजे. 'पर्सेफासा' मात्र अजून हाती लागत नाही. काठीकातडे, तिच्याबद्दल आणखी लिहाल का? आणि माझे आसन कडेच्या रांगेत आहे, ते बदलून घ्यावे का?

काठीकातडे

अवश्य बदलून घ्या, जमल्यास आजच.

'पर्सेफासा' स्ट्रासबुर्गच्या सहा तालवादकांच्या संचासाठी लिहिली गेली आणि 1969 मध्ये इराणमधील पर्सेपोलिसच्या अवशेषांमध्ये, शिराझ कला महोत्सवात प्रथम वाजली. सहा वादक श्रोत्यांभोवती षटकोनात उभे असतात. दोन कर्णे असलेल्या खोलीतील यंत्रावर ती ऐकणे म्हणजे तिच्या अर्ध्या रचनेला वगळणे. सुरुवातीला कातड्याच्या वाद्यांवर साधे, एकत्र ठोके येतात. मग हळूहळू सहाही जण एकमेकांपासून सुटत जातात, दगड, लाकूड, धातूचे पत्रे, तोंडाने फुंकायचे सायरन असे पोत बदलत राहतात. अखेरच्या भागात एका वादकाने सुरू केलेला घुमारा दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे असा श्रोत्यांभोवती फिरू लागतो, एकावर एक अशी अनेक आवर्तने वेगवेगळ्या वेगांनी आणि वेगवेगळ्या वाद्यांवर फिरतात, आणि वेग वाढतच जातो. आवर्तन हवे होते ना? येथे ते कालात असण्याऐवजी खोलीत आहे. कडेला बसाल तर एकच वादक कानाशी गर्जत राहील आणि बाकीचे पाच अस्पष्ट ऐकू येतील, म्हणून शक्य तितके मध्यभागी बसा. मान वळवून पाहण्याचा मोह पहिली काही मिनिटे होईल. तो ओसरला की आवाज कोणत्या दिशेने निघाला एवढेच धरून ठेवा. आणि कानांत घालायचे बोळे खिशात असू द्या, पत्र्यांच्या वेळी लागतात.

वासंती_दे

मैफल झाल्यावर येथे लिहायला विसरू नका. 'त्सिक्लुस'चा वादक कोणत्या दिशेने फिरला तेही सांगा.

परखड

आसन बदलताना एका गोष्टीचा विचार करा. मध्यभागी बसल्यावर सहा बाजूंनी सहा वादक उभे असतील, म्हणजे चहाच्या निमित्ताने उठून जाण्याची वाट संगीतकाराने आधीच बंद करून ठेवलेली आहे. रचनेचा हा भाग मात्र मला पूर्णपणे ऐकू येतो.